वाऱ्याचा महाराष्ट्र : प्रस्तावना

मुंबई आणि नागपूर या दोन शहरांत एकाच उंचीच्या दोन इमारती बांधायच्या असल्या, तर वाऱ्याच्या हिशेबाची सुरुवात दोन्हीकडे एकाच आकड्यापासून होते. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग, मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरते आणि नागपूरसाठीही ४४ मीटरच. ताशी किलोमीटरमध्ये तो १५८ च्या घरात जातो. पुणे आणि नाशिक यांच्यासाठी हाच आकडा ३९ आहे. पन्नास वर्षांत एकदा येऊ शकेल अशा, जेमतेम तीन सेकंद टिकणाऱ्या झोताचा हा वेग.

मुंबईच्या बाबतीत हे सहज पटते. समोर अरबी समुद्र आहे, चक्रीवादळांची वाट आहे. नागपूर मात्र दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत. तिथला वर्षभराचा सरासरी वारा ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच भरतो. एवढ्या वाऱ्यात पिंपळाची पाने सळसळतात, याहून फारसे काही होत नाही. मग १५८ चा आकडा आला कुठून?

त्याचे उत्तर चैत्र-वैशाखातल्या दुपारी मिळते. तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि तीन-चारच्या सुमाराला आभाळात काळेभोर ढग उंचच उंच वाढू लागतात. त्यातून पाऊस आणि गारा सुटल्या की खालच्या कोरड्या हवेत त्यातले बरेचसे पाणी वाटेतच आटते. त्या आटण्याने हवा झपाट्याने थंड आणि जड होते, आणि ती जड हवा जमिनीवर आदळून चारी बाजूंना फाकते. विदर्भ-मराठवाड्यात पत्रे उडवणारा, संत्र्याच्या बागा झोडपणारा आणि विजेचे खांब वाकवणारा वारा तो हाच. पाच-दहा मिनिटांत सगळे शांत होते. वर्षाच्या सरासरीत त्या मिनिटांचा मागमूसही उरत नाही. ज्याचे छप्पर गेले, त्याच्यासाठी मात्र त्या वर्षाचा वारा म्हणजे तेवढीच मिनिटे असतात.

वाऱ्याच्या सरासरीविषयीचे हे पुस्तक या उदाहरणाने सुरू करण्यामागे कारण आहे. पावसाची सरासरी समजायला सोपी, कारण पाऊस साठतो. जूनमध्ये किती, जुलैमध्ये किती, याची बेरीज करता येते आणि ती बेरीज धरणात, विहिरीत दिसते. वाऱ्याची बेरीज होत नाही. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारी पश्चिमेकडून वाहिलेला वारा कागदावर एकमेकांना खोडून टाकतो. प्रत्यक्षात मात्र दोन्ही वाहिलेले असतात आणि दोघांनीही आपापले काम केलेले असते. म्हणून वाऱ्याचा कोणताही आकडा हाती आला की त्याला चार प्रश्न विचारावेत: तो कोणत्या महिन्याचा, दिवसाच्या कोणत्या वेळेचा, जमिनीपासून किती उंचीवरचा आणि कोणत्या दिशेने आलेल्या वाऱ्याचा? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच सरासरी बोलू लागते. महाराष्ट्रापुरती ही उत्तरे शोधणे, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वर्षातला सर्वांत जोरदार वारा जून-जुलैत असतो आणि सर्वांत मंद वारा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पठारावरच्या अनेक ठिकाणी जुलैचा सरासरी वारा नोव्हेंबरच्या दुप्पट-तिप्पट भरतो. या चढउताराचे मूळ महाराष्ट्राच्या फार बाहेर आहे. दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला मास्करेन बेटांच्या आसपास हवेचा दाब जास्त असतो. उन्हाळ्यात राजस्थान आणि सिंधच्या तापलेल्या भूमीवर तो कमी होतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळते आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे येते.

ही हवा सगळ्या उंचीवर सारख्याच जोराने येत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर तिचा एक वेगवान पट्टा तयार होतो. पी. व्ही. जोसेफ आणि रामन यांनी १९६६ साली भारतीय द्वीपकल्पावरच्या या पश्चिमी प्रवाहाचे अस्तित्व दाखवून दिले, आणि १९६९ साली फिंडलेटर यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारतापर्यंतची त्याची वाट उलगडून दाखवली. जुलैमध्ये या पट्ट्याच्या गाभ्यातला वारा अनेकदा ताशी ७५ किलोमीटरच्या पुढे असतो. आपल्या पावसाचे पाणी समुद्रावरून वाहून आणणारा मुख्य प्रवाह तो हाच.

आता या प्रवाहाच्या वाटेत सह्याद्री ठेवून पाहा. साताऱ्याजवळची चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही पठारे समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहेत. म्हणजे खालच्या कोकणाला ज्या वाऱ्याचा तळचा, घासलेला भाग मिळतो, त्याच्या ऐन जोराच्या थराजवळ ही पठारे जाऊन पोहोचली आहेत. पाटण तालुक्यात सडावाघापूरला भर पावसाळ्यात गेले, की याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. पठारावरचे पाणी कड्याशी येते, खाली झेपावते आणि दहा-वीस फूट जाण्याआधीच उलटे वर फेकले जाते. दरीतून चढणारा वारा त्या धारेचे तुषार करून पठारावर परत आणून टाकतो. कड्यापासून मागे उभे असलेल्यांच्या अंगावरही खालून वर जाणारा पाऊस पडतो. नाणेघाटातही हेच दृश्य दिसते. या उलट्या धबधब्यांचे फोटो आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. कोकणातून आलेली हवा भिंतीसारख्या कड्याला अडते आणि तिला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हे त्या फोटोंतून दिसते. हीच चढाई वाफेचे ढग करते आणि ढगांचा पाऊस.

कडा ओलांडला की चित्र पालटते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून पूर्वेला तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत तो हजार मिलिमीटरच्या आत येतो. आणखी पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. पाऊस असा झपाट्याने आटतो, पण वारा आटत नाही. माण, कवठे महांकाळ, जत या भागांत आषाढात दिवसचे दिवस पश्चिमेचा वारा भणाणत असतो आणि त्यात पाणी नसते. ढग डोक्यावरून पूर्वेकडे पळताना दिसतात. पेरलेल्या बाजरीला पावसाची ओढ बसलेली असते आणि जमिनीत असलेली थोडीफार ओल हा कोरडा वारा शोषून नेत असतो. सांगली जिल्ह्यातल्या ढालगावच्या परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्या याच वाऱ्यावर. दुष्काळी तालुका आणि वाऱ्याने श्रीमंत तालुका एकच असावा, हा योगायोग नाही; सह्याद्रीने पाणी ठेवून घेतले आणि वारा पुढे पाठवला, त्याचाच तो परिणाम आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलचे पवनऊर्जा क्षेत्रही सह्याद्रीच्या उत्तर टोकाला, जिथे डोंगर उतरत जातात आणि पश्चिमेच्या वाऱ्याला वाट मिळते, अशा ठिकाणी आहे.

समुद्राच्या बाजूला हाच वारा वर्षाचे वेळापत्रक ठरवतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ हे त्याचे एक कारण, आणि खवळलेला समुद्र हे दुसरे. सरकारी आदेश निघू लागण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यांत होड्या पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून पुन्हा पाण्यात लोटल्या जात. मराठी आरमाराची गलबते आणि गुराबाही पावसाळ्यात खाड्यांच्या आसऱ्याला असत. वाघोटण खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग त्यासाठी उत्तम जागा होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांची नावे येतात. तो व्यापारही एका ऋतूत या वाऱ्यावर येणाऱ्या आणि दुसऱ्या ऋतूत उलट्या वाऱ्यावर परतणाऱ्या जहाजांचाच होता. कोकणातल्या घरांना पश्चिमेकडून झड लागू नये म्हणून पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापे बांधण्याची पद्धतही त्याच वाऱ्याने शिकवली. वाऱ्याची सरासरी दिशा कोणती, हे त्या घरांकडे पाहूनही सांगता येई.

मुख्य पावसाळ्यात इतका वारा असूनही मोठी चक्रीवादळे मात्र त्याच्या अलीकडे-पलीकडे येतात. नोव्हेंबर २००९ मधले ‘फयान’, जून २०२० च्या सुरुवातीचे ‘निसर्ग’, मे २०२१ मधले ‘तौक्ते’ यांच्या तारखा पाहिल्या की हे लक्षात येते. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या थरात पश्चिमेकडून जोराचा प्रवाह असतो, तर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून त्याहूनही वेगवान प्रवाह वाहतो. वरचा हा प्रवाह पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली प्रकाशात आणला. खालून एका दिशेने आणि वरून उलट दिशेने असे ओढले गेल्यावर चक्रीवादळाला उभे राहताच येत नाही. मान्सून यायच्या आधी आणि तो गेल्यावर ही ओढाताण सैल होते आणि वादळाला संधी मिळते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. सुपारी लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षे जातात. त्या एका दुपारची भरपाई म्हणूनच वर्षांत मोजावी लागते.

मान्सून परतला की वारा पडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात तापमानाइतकाच वाटा या पडलेल्या वाऱ्याचा असतो. पुढे हिवाळ्यात दिशा बदलून पूर्व-ईशान्येकडची होते, पण जोर थोडा. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकून गेला की त्याच्या पाठोपाठ कोरडा, थंड उत्तरेचा वारा खानदेश आणि नाशिकपर्यंत उतरतो. निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, त्या या दिवसांत. कोकणात आंब्याच्या मोहराची गणितेही याच थंडीवर बांधलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला उत्तरेकडची कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा यांची गाठ द्वीपकल्पाच्या मध्यभागी पडते. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे जाणारी ही रेषा हवामान खात्याच्या उन्हाळी अंदाजांत वाऱ्यांची खंडितता म्हणून वारंवार येते. वळवाचा पाऊस आणि गारा तिच्याच आसपास होतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राने सोसलेली दीर्घ गारपीट अशाच दोन हवांच्या गाठीभेटीतून घडली होती.

दुसरा प्रश्न वेळेचा. पावसाळ्यात ढगांमुळे दिवस-रात्रीच्या वाऱ्यात फार फरक पडत नाही. बाकीच्या आठ महिन्यांत तो फरक मोठा असतो. किनाऱ्यावर रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाच्या होड्यांचे तांडेल पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. शिडे गेली तरी मुंबईकरांचे दिवस अजून याच वाऱ्यावर चालतात. मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोर धरतो तेव्हा खारा वारा सुटायला उशीर होतो आणि पारा वेगाने चढतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मार्च महिन्यातला तिथला तो उच्चांक. हिवाळ्यात हे दोन्ही वारे मंदावले की मुंबईच्या हवेतली धूळ आणि धूर शहरावरच साचून राहतात. हवेच्या गुणवत्तेची बातमी ही पुष्कळदा वाऱ्याचीच बातमी असते.

खारा वारा किनाऱ्यावर थांबत नाही. मार्च-एप्रिल-मेमध्ये तो घाट चढतो आणि दिवस कलताना पुण्यात पोहोचतो. पुण्यातल्या उन्हाळी संध्याकाळी सुसह्य होतात त्या त्यामुळे. पठारावरही दुपारचा वारा वेगळाच असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर-खाली घुसळली जाते, वरच्या थरातला वेग खाली उतरतो आणि सकाळी निपचित असलेली हवा अकरा-बारानंतर हलू लागते. मळणीयंत्रे येण्याआधी खळ्यावरचे काम याच घड्याळावर चाले. ज्वारीची कणसे मळून रास तयार असे, उफणणारा सूप भरून तिवईवर चढे आणि वाऱ्याची वाट पाही. वारा सुटला की सूप तिरके धरून तो धान्य संथपणे सोडी. दाणा पायाशी पडे, भुसा दोन हात पलीकडे. वारा कमी असला तर भुसा दाण्यातच राही, जास्त झाला तर दाणाही वाहून जाई. म्हणून वारा किती आहे याचा अंदाज घ्यायला आधी मूठभर भुसा उडवून पाहत. किती वारा पुरेसा आणि किती जास्त, याचे इतके नेमके ज्ञान गावोगाव होते, आणि त्यासाठी कुणाला उपकरण लागत नव्हते.

तिसरा प्रश्न उंचीचा. झाडे, घरे, बांध, गवत या सगळ्यांवर वारा घासतो आणि जमिनीलगत मंदावतो. म्हणूनच वेधशाळांत वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटरवर मोजण्याचा दंडक आहे. मोकळ्या माळावर दहा मीटरवरचा वारा ऐंशी मीटरवर गेल्यावर साधारण एक-तृतीयांशाने वाढतो. ही वाढ दिसायला थोडी, पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. वेग एक-तृतीयांशाने वाढला तरी ऊर्जा दुपटीच्या पुढे जाते. पवनचक्क्यांचे मनोरे वर्षागणिक उंच होत गेले, त्यामागे हे गणित आहे.

याच घनामुळे सरासरीची फसगतही होते. एका ठिकाणी वर्षभर सेकंदाला ६ मीटरचा वारा एकसारखा वाहतो असे धरू. दुसऱ्या ठिकाणी सहा महिने २ मीटरचा आणि सहा महिने १० मीटरचा. दोन्हीकडची सरासरी ६. पण घन करून पाहिले तर पहिल्याचे २१६ येतात आणि दुसऱ्याचे ८ व १००० यांची सरासरी, म्हणजे ५०४. दुसऱ्या ठिकाणच्या वाऱ्यात ऊर्जा सव्वादोन पटींहून अधिक. सह्याद्रीचे पठार या दुसऱ्या ठिकाणासारखे आहे. तिथल्या पवनचक्क्या मे ते सप्टेंबर या काळात वर्षाच्या विजेपैकी निम्म्याहून बरीच अधिक वीज देतात आणि नोव्हेंबरात अनेक दिवस जवळजवळ उभ्या असतात. उंचीमुळे हवा दहा-अकरा टक्के विरळ असते, तो तोटा वेग भरून काढतो. १९८६ साली देशातली पहिली पवनऊर्जा क्षेत्रे रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन या तीन किनारी ठिकाणी ५५ किलोवॉटच्या यंत्रांनी सुरू झाली. पुढे महाराष्ट्रात पवनचक्क्या किनारा सोडून पठारावर चढल्या, त्या वाऱ्याच्या मोजमापांनी वाट दाखवल्यामुळे. पठार मात्र रिकामे नव्हते. चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आणि सरड्यांची संख्या वाढलेली, असे त्यात आढळले. वारा वापरायचा तर त्या वाऱ्यावर आणखी कोण जगते, हेही मोजावे लागेल.

मोजमापाचा इतिहास महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. तिथे काम करणाऱ्या चार्ल्स चेंबर्स यांनी १८७८ साली मुंबई इलाख्याच्या हवामानावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही लोकांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ आहे. याच पुण्यात १९४८ साली अ‍ॅना मणी हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे इथेच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, हे सूत्र त्यांच्या कामात सर्वत्र दिसते. देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी एकत्र करून त्यांनी १९८३ साली भारताच्या पवनऊर्जेविषयीचा आकडेग्रंथ सिद्ध केला. आज चाळकेवाडीला फिरणाऱ्या प्रत्येक पात्यामागे त्या नोंदवहीचे ऋण आहे.

आता उपकरणांची वाण नाही. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि ती पावसाबरोबर वाऱ्याचा वेग व दिशाही नोंदवतात. पण गावात चर्चा होते ती पावसाच्या आकड्याची. मंडळात किती मिलिमीटर झाला हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते; वारा किती होता हे केंद्राच्या तक्त्यातच राहते. याचा फटका बसतो तो रावेर-यावलच्या केळी उत्पादकासारख्याला. केळीचे खोड पाणीदार, मुळे उथळ, घड जड. मे-जूनच्या वादळात घडांसकट बागा लोळतात. बागेभोवती शेवरीचे किंवा गजराज गवताचे दाट कुंपण घालून शेतकरी वारा अडवू पाहतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात वेगाच्या वाऱ्याची अट असते, आणि तिथे केंद्रावर नोंदलेला वेग महत्त्वाचा ठरतो. केंद्र झाडीत असेल, भिंतीच्या आडोशाला असेल, तर बाग भुईसपाट आणि नोंद किरकोळ, असे होऊ शकते. वाऱ्याचा आकडा कुठे आणि कसा मोजला, हा प्रश्न अशा वेळी थेट शेतकऱ्याच्या खिशाशी येऊन भिडतो.

हाच प्रश्न दीर्घकालीन बदलांनाही लागू आहे. देशातल्या अनेक वेधशाळांच्या नोंदींत १९६१ नंतरच्या दशकांत जमिनीलगतचा वारा मंदावत गेलेला दिसतो. त्यातला काही भाग वातावरणातल्या मोठ्या बदलांचा असू शकतो. पण वेधशाळा एकेकाळी गावाबाहेर होत्या आणि आता शहरांच्या पोटात आहेत, हेही तितकेच खरे. भोवती इमारती उभ्या राहिल्या की उपकरणाला मिळणारा वारा अडतो. म्हणून जुन्या नोंदींची तुलना करताना त्या जागेचा इतिहासही वाचावा लागतो. केंद्राभोवतीची जागा मोकळी ठेवणे ही नोंदीइतकीच मोलाची गोष्ट आहे, आणि ती गावकऱ्यांच्या व नगरपालिकांच्या हातात आहे.

चौथा प्रश्न दिशेचा. तो या प्रस्तावनेत जागोजागी आलाच आहे, कारण महाराष्ट्रात दिशा म्हणजेच हवेचा गुण. पश्चिमेचा वारा ओल आणतो, उत्तरेचा थंडी, पूर्वेचा उन्हाळ्यात मुंबईला चटका देतो आणि विदर्भाला उपसागराची वाफ. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकू लागला की विदर्भात वाऱ्याची दिशा बदलते आणि कोकणात पश्चिमेचा जोर वाढतो; पूर्व किनाऱ्यावर घडलेली घटना पश्चिम किनाऱ्यावर अशी जाणवते. वेग आणि दिशा एकत्र दाखवणारी वर्तुळाकार आकृती पुढील प्रकरणांत वारंवार येईल. तिच्यात ज्या दिशेचा हात लांब, त्या दिशेकडून वारा जास्त वेळ आला, एवढे लक्षात ठेवले की ती वाचता येते.

पुढील प्रकरणे कोकण, सह्याद्री, खानदेश-नाशिक, पश्चिम महाराष्ट्राचा दुष्काळी पट्टा, मराठवाडा आणि विदर्भ या क्रमाने लावली आहेत. प्रत्येकात आधी वर्षाचा क्रम येतो, मग दिवसाचा, मग उंचीचा. शेतकऱ्याने आपल्या पिकाचा नाजूक काळ कोणता, ते ठरवून त्या महिन्याच्या पानापासून सुरुवात करावी. घर बांधणाऱ्याने सरासरीआधी झोताचा आकडा पाहावा. पवनऊर्जेत काम करणाऱ्याने महिन्यांच्या सरासरीवर न थांबता वेगांची विभागणी पाहावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेच्या मोकळ्या मैदानात एका बांबूला फडके बांधून वर्षभर सकाळ-दुपार वाऱ्याची दिशा लिहून घ्यावी. त्या वहीतून मान्सूनचे येणे आणि जाणे मुलांना स्वतःच्या अक्षरात दिसेल.

पावसाच्या बाबतीत आपण एक सामाजिक शिस्त कमावली आहे. पर्जन्यमापक कुठे आहे, कोण वाचतो, आकडा खरा का, यावर गावात वाद होतात आणि त्या वादांनीच नोंद सुधारते. वाऱ्याच्या नोंदीलाही असे धनी मिळाले पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पावसाच्या आकड्याशेजारी त्या दिवसाचा सर्वांत मोठा झोत, त्याची वेळ आणि दिशा लिहायला एका ओळीची जागा पुरते. ती ओळ दोन-चार हंगाम सलग लिहिली गेली, तर बागेला कुंपण कोणत्या बाजूला दाट हवे, पत्र्याला हुक कोणत्या महिन्याआधी आवळायचे, औषध फवारणी सकाळी किती वाजेपर्यंत उरकायची आणि विम्याच्या दाव्याला कोणती नोंद जोडायची, याची उत्तरे गावाच्या स्वतःच्या हातात येतील. या पुस्तकातले आकडे ही त्यासाठीची पहिली शिदोरी आहे. पुढची भर आपापल्या गावच्या नोंदींनी वाचकांनीच घालायची आहे.